फिट येतात, मग पूर्ण भूल द्यायची की नाही?

पित्ताशयात खडे आहेत, सर्जन म्हणतात दुर्बिणीतून काढून टाकू, दोन दिवसांत घरी. कागदावर सगळं सोपं असतं. पण रुग्णाला अपस्मार असेल, म्हणजे आपण बोलतो तसं फिट येत असतील, तर घरात लगेच कुजबूज सुरू होते. भूल झेपेल का? टेबलावरच फिट आली तर? भुलीतून उठलीच नाही तर? मग ऑपरेशन पुढे ढकललं जातं, वर्ष-वर्ष पोटदुखी सहन केली जाते आणि शेवटी पित्ताशयाला सूज येऊन मध्यरात्री धावपळ होते.

या भीतीमागे माया आहे, हे मान्यच. पण तिचा रोख चुकीच्या दिशेला आहे. भुलीच्या औषधांना घाबरलं जातं आणि ज्या गोष्टींनी खरंच फिट येते त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं: सकाळची चुकलेली गोळी, रात्रीची मोडलेली झोप, डॉक्टरांपासून लपवलेला आजार, घरी आल्यावर घेतलेली एखादी वेदनाशामक गोळी. भूल म्हणजे नेमकं काय होतं हे समजलं की हा फरक आपोआप लक्षात येतो.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी अगदी बारीक विद्युत संदेशांतून बोलतात. काही संदेश पुढच्या पेशीला चेतवतात, काही तिला शांत करतात. शांत करणाऱ्या रसायनांतलं सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गाबा. त्याला मेंदूचा ब्रेक म्हणा. काही कारणाने हा ब्रेक कमी पडला किंवा चेतना फारच वाढली, की पेशींचा मोठा गट एकाच वेळी, एकाच तालात संदेश सोडू लागतो. तीच फिट. कुठल्या भागात हे घडतं त्यावर ती कशी दिसेल ते ठरतं: कुणाचं सगळं अंग आखडून झटके येतात, कुणी अर्धा मिनिट शून्यात बघत राहतं, कुणाचा एकच हात उडतो.

आता भुलीकडे या. प्रोपोफॉल हे दुधासारखं पांढरं इंजेक्शन आज बहुतेक ठिकाणी भूल देताना पहिल्यांदा वापरतात. त्याआधीची कित्येक दशकं थायोपेंटोनची होती. मिडॅझोलॅम तर ऑपरेशनआधी मन शांत करायला देतातच. ही तिन्ही औषधं मुख्यतः याच गाबाचं काम वाढवतात. म्हणजे ज्या औषधांना आपण घाबरतो, ती बहुतांशी फिट दाबणारी आहेत.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. एखाद्याला फिटवर फिट येत राहते, मधे शुद्धच येत नाही, नेहमीची इंजेक्शनं देऊनही ती थांबत नाही, अशी एक जीवघेणी अवस्था असते. अशा वेळी अतिदक्षता विभागात काय करतात? रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवून प्रोपोफॉल, मिडॅझोलॅम किंवा थायोपेंटोन सलाईनमधून चालू ठेवतात. थोडक्यात, त्याला पूर्ण भूल देतात. दुसरं कशानेही न थांबणारी फिट थांबवण्याचा हा शेवटचा उपाय आहे.

उलट बाजूचा पुरावा मानसोपचारातून मिळतो. तीव्र नैराश्यात शॉक ट्रीटमेंट देतात तेव्हा भुलीखाली मेंदूत मुद्दाम, मोजूनमापून एक छोटी फिट आणायची असते. तिथे प्रोपोफॉलची अडचण अशी की ते ही हवी असलेली फिटही आखूड करतं. म्हणून त्याचा डोस सांभाळावा लागतो किंवा दुसरं औषध निवडावं लागतं.

इतिहासातही या दोन गोष्टींचं नातं जुनं आहे. १९१२ मध्ये जर्मनीत अल्फ्रेड हाउप्टमान या डॉक्टरने अपस्माराच्या रुग्णांना फेनोबार्बिटोन दिलं. ते तेव्हा झोपेचं औषध म्हणून ओळखलं जात होतं. रुग्ण शांत झोपले आणि त्यांच्या फिटही कमी झाल्या. आपल्याकडे गार्डेनाल या नावाने अनेक घरांत पोहोचलेली गोळी ती हीच. १९३४ पासून भुलीसाठी वापरात आलेलं थायोपेंटोन याच फेनोबार्बिटोनच्या कुळातलं आहे. फिटची गोळी आणि भुलीचं इंजेक्शन ही जवळची भावंडं आहेत, हे माहीत असतं तर कित्येक कुटुंबांची काळजी निम्मी झाली असती असं मला वाटतं.

मग धोका अजिबात नाही का? आहे, आणि तो मोजलाही गेला आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वी फिटचा आजार असलेल्या आणि भूल घेतलेल्या ६४१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ऑपरेशनच्या आगेमागे फिट आली ती २२ जणांना, म्हणजे ३.४ टक्के. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती कोणाला आली. ज्यांना एरवीही वारंवार फिट येत होत्या, ज्यांची शेवटची फिट अलीकडची होती आणि ज्यांना फिटची जास्त औषधं लागत होती, त्यांच्यात प्रमाण जास्त होतं. भुलीचा किंवा ऑपरेशनचा प्रकार कोणता, याने तसा फरक पडला नाही. अभ्यासकांचा निष्कर्ष सरळ होता: यातल्या बहुतेक फिट भुलीने आणलेल्या नसून त्या माणसाच्या मूळ आजाराच्या असाव्यात.

म्हणून भूलतज्ज्ञ पहिल्या भेटीत विचारतात, "शेवटची फिट कधी आली होती?" उत्तर "दोन वर्षं झाली" असेल तर त्यांच्या मनावरचं ओझं बरंच उतरतं. "परवा" असेल आणि ऑपरेशन थांबू शकणारं असेल, उदाहरणार्थ साधा हर्निया, तर ते न्यूरोलॉजिस्टकडे पाठवतील. आधी फिट आटोक्यात आणू, मग ऑपरेशन. यात टाळाटाळ नाही, शहाणपण आहे. मात्र अपेंडिक्स फुटलं असेल किंवा आजीचं खुब्याचं हाड मोडलं असेल तर फिटसाठी थांबणंच जास्त धोक्याचं. तेव्हा शिरेतून फिटचं औषध देऊन, सगळी तयारी ठेवून ऑपरेशन करतात.

काही औषधांच्या बाबतीत भूलतज्ज्ञ जरा हात राखून असतात, तेही सांगायला हवं. सेव्होफ्लुरेन हा वास बरा असलेला वायू लहान मुलांना मास्कवाटे भूल द्यायला वापरतात. त्याचं प्रमाण फार वाढवलं आणि श्वासही जोरजोरात दिला, तर मेंदूच्या आलेखावर फिटसारख्या लहरी दिसू शकतात. प्रमाण सांभाळलं तर तो अपस्मार असलेल्या मुलांनाही चालतो, आणि रोज दिला जातो. एन्फ्लुरेन नावाचा जुना वायू मात्र याच दोषामुळे बदनाम झाला. आता तो वापरातून गेलेला आहे. एटोमिडेट दिल्यावर हातपाय उडतात, पण ते बहुतेक वेळा स्नायूंचे झटके असतात, फिट नव्हे. केटामाइनवर पूर्वी फुली मारली जायची. आज न थांबणाऱ्या फिटच्या उपचारात त्याचाच उपयोग होतो. या सगळ्यांतून निवड करणं हे भूलतज्ज्ञाचं रोजचं काम आहे. त्याची चिंता रुग्णाने करायची नाही. रुग्णाने आणि घरच्यांनी करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

सकाळची गोळी

"उद्या ऑपरेशन आहे. रात्री बारानंतर काही खायचं-प्यायचं नाही." हे वाक्य प्रत्येक वॉर्डात सांगितलं जातं, आणि सगळा घोटाळा बहुतेकदा इथेच होतो. घरचे मंडळी ते अक्षरशः पाळतात. पाणीसुद्धा नाही, म्हणजे गोळीही नाही. शिवाय त्यांनी पाहिलेलं असतं की वडिलांच्या ऑपरेशनच्या सकाळी मधुमेहाची गोळी थांबवली होती, शेजारच्या काकांची रक्त पातळ करणारी गोळी आठवडाभर आधीच बंद केली होती. मग फिटचीही थांबवायची असणार, असं ते धरून चालतात.

फिटच्या गोळ्यांचा नियम बरोबर उलटा आहे. ऑपरेशनच्या दिवशी सकाळची गोळी नेहमीच्या वेळी, दोन घोट पाण्याबरोबर घ्यायची असते. पूर्ण भुलीआधी साधारणपणे सहा तास जेवण बंद आणि दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. त्यामुळे गोळीपुरत्या दोन घोटांनी ऑपरेशन बिघडत नाही. फक्त हे आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना विचारून कागदावर लिहून घ्या. म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टर आणि सकाळच्या सिस्टर यांच्यात गोंधळ होत नाही. "डॉक्टर, हिची सकाळची फिटची गोळी द्यायची ना?" एवढं विचारायला अर्धा मिनिट लागतो.

एक गोळी चुकली तर एवढं काय बिघडतं? ते औषधावर अवलंबून आहे. लेव्हेटिरासिटाम हे आज फार वापरलं जाणारं औषध. लेव्हिपिल या नावाने पुष्कळांना माहीत असेल. शरीरातलं निम्मं औषध साधारण सहा ते आठ तासांत बाहेर पडतं. समजा रात्री नऊला गोळी घेतली, सकाळची चुकली, दुपारी दोनला ऑपरेशन झालं आणि संध्याकाळी सातला पाणी प्यायची परवानगी मिळाली. बावीस तास झाले. रक्तात उरलं जेमतेम आठवा हिस्सा. त्यात रात्रभर काळजीने झोप नाही, पोटात अन्न नाही, जखम दुखतेय. फिट येण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती दुसरी कुठली? आणि मग सगळे म्हणतात, भूल बाधली.

फेनोबार्बिटोनचं तसं नाही. ते शरीरात रेंगाळतं, निम्मं व्हायलाच तीन-चार दिवस लागतात. पण म्हणून आपल्या मनाने ठरवू नका. कुठली गोळी किती वेळ टिकते हा हिशेब डॉक्टरांनाच करू द्या.

मोठं पोटाचं ऑपरेशन असेल, नाकातून नळी असेल, दोन-तीन दिवस तोंडाने काही द्यायचं नसेल, तर प्रश्न आणखी गंभीर होतो. फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासिटाम, लॅकोसामाइड यांची इंजेक्शनं मिळतात. गोळीऐवजी ती शिरेतून देता येतात. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन किंवा क्लोबाझाम घेणाऱ्याला मात्र तेवढ्या दिवसांपुरतं दुसऱ्या औषधाचं कवच द्यावं लागतं, आणि ते आधीच ठरवावं लागतं. लॅमोट्रिजिनची तर आणखी एक अट आहे: ते बरेच दिवस बंद राहिलं तर पुन्हा एकदम जुन्या डोसवर जाता येत नाही, पहिल्यासारखं थोडं थोडं वाढवत न्यावं लागतं. नाहीतर अंगावर गंभीर पुरळ उठू शकते. मोठ्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून नळीतून देणं हीसुद्धा चूक; तसं केलं की सगळं औषध एकदम सुटतं.

म्हणून ऑपरेशनला जाताना स्वतःच्या गोळ्या पाकिटासकट बरोबर न्या. दवाखान्याच्या औषध दुकानात नेमकी तीच कंपनी, तेवढ्याच ताकदीची गोळी मिळेलच असं नाही. मात्र पिशवीत ठेवून आपल्या आपण घ्यायच्या नाहीत. सिस्टरना दाखवायच्या, औषधांच्या तक्त्यावर लिहून घ्यायच्या.

लपवलेला आजार

याबद्दल थोडं मोकळेपणाने बोलायला हवं, कारण आपल्या समाजात यातून होणारं नुकसान कुठल्याही भुलीच्या औषधापेक्षा मोठं आहे.

अपस्मार लपवला जातो. मुलीचा तर हमखास. माहेरी लहानपणापासून गोळ्या चालू असतात, लग्न ठरतं, सासरी सांगत नाहीत. गोळ्या कधी केसांच्या, कधी अ‍ॅसिडिटीच्या म्हणून लपूनछपून घेतल्या जातात, कधी बंदच होतात. मग बाळंतपणात अचानक सिझर करायची वेळ येते. भूलतज्ज्ञ विचारतात, "काही आजार? काही गोळ्या चालू?" बाजूला सासूबाई उभ्या असतात. ती म्हणते, "नाही, काही नाही."

या एका "नाही"ने काय होतं पाहा. गरोदरपणात शरीर लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम जास्त वेगाने बाहेर टाकतं, म्हणजे तोच डोस कमी पडू लागलेला असतो. तो वाढवायला हवा हे कुणी पाहिलेलंच नसतं. नंतर तिला फिट आली तर डॉक्टरांना आधी गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाची फिट समजून उपचार करावे लागतात. कारण तीही जीवघेणी असते आणि तिची औषधं वेगळी असतात. मोलाचा वेळ खरं कारण शोधण्यात जातो.

लपवण्यामागे भीती आहे, आणि ती उगाच आलेली नाही. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणं हे लग्न रद्द करून घेण्याचं कारण होऊ शकत होतं. त्या वर्षी संसदेने कायद्यातून अपस्माराचा उल्लेख काढून टाकला. कायदा बदलला, घरातली भीती तेवढ्या वेगाने बदलली नाही. म्हणून मुलींना आणि सुनांना मी एवढंच सांगेन: भूलतज्ज्ञांना "मला तुमच्याशी एकटीने बोलायचंय" असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ते घरच्यांना बाहेर थांबायला सांगतील. जे सांगाल ते त्यांच्यापाशी राहील. आणि डॉक्टरांनाही विनंती आहे की हा प्रश्न नातेवाइकांच्या घोळक्यात विचारू नका.

लपवली जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे दारू. रोज पिणारा माणूस ऑपरेशनसाठी भरती झाला की दारू एकदम बंद होते, आणि पहिल्या दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते. आधी कधीही आली नसली तरी. झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन अचानक थांबवल्या तरी तसंच. हे आधी कळलं तर टाळता येतं. लाज वाटून लपवलं तर ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री वॉर्डात सगळ्यांचीच दैना होते.

भुलीआधीच्या तपासणीला जाताना काय सांगायचं तेही बघून ठेवा. फिट कशी दिसते, किती वेळ चालते, आधी काही जाणवतं का, कशाने येते, सगळ्या गोळ्यांची नावं आणि डोस, आधी कधी भूल घेतली होती का आणि तेव्हा काय झालं. भूलतज्ज्ञ काही रक्ततपासण्याही सांगतील. कार्बामाझेपिन (टेग्रेटॉल) आणि ऑक्सकार्बाझेपिनने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आणि कमी सोडियमनेही फिट येऊ शकते. व्हॅल्प्रोएट (व्हॅल्पारिन) घेणाऱ्यांच्या प्लेटलेट कमी असू शकतात, त्याचा रक्तस्रावाशी संबंध आहे. काहींच्या छातीत त्वचेखाली मानेतल्या व्हेगस नसेला चेतना देणारं यंत्र बसवलेलं असतं. ते ऑपरेशनआधी तात्पुरतं बंद करावं लागतं. काही मुलं फिटसाठी भरपूर स्निग्ध पदार्थांचा केटो आहार घेतात. त्यांना साखरेचं सलाईन लावलं तर महिन्यांची मेहनत वाया जाते. यातलं काहीही "हे काय सांगायचं" म्हणून गाळू नका.

थिएटरमध्ये

इप्टॉइन (फेनिटॉइन) किंवा टेग्रेटॉल वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं यकृत काही औषधं नेहमीपेक्षा भराभर संपवायला शिकलेलं असतं. त्यामुळे स्नायू सैल करणारी व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियमसारखी औषधं त्यांच्यात लवकर उतरतात, फेंटानिलसारखं वेदनाशामकही जास्त लागू शकतं. म्हणजे "हिला भूल चढतच नाही" असं काही नसतं. भूलतज्ज्ञ स्नायूंची ताकद यंत्रावर बघत डोस पुन्हा देतात, एवढंच.

टेबलावर फिट आली तर? भूल पुरेशी खोल असताना तसं होणं फार विरळ. स्नायू सैल केलेले असल्याने झटके दिसणार नाहीत, पण नाडी आणि रक्तदाब एकदम वाढणं, श्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढणं, बाहुल्या मोठ्या होणं यावरून संशय येतो, आणि भूल खोल करणं हाच तिथला पहिला उपाय असतो. खरं सांगायचं तर फिट यायचीच असेल तर ऑपरेशन टेबलापेक्षा सुरक्षित जागा सापडणं अवघड: श्वासनलिका सुरक्षित, ऑक्सिजन चालू, शिरेत सुई, आणि शेजारी फक्त तुमच्याकडेच लक्ष देणारा एक डॉक्टर.

कमरेतलं इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर करता येतो, तर तेच बरं नाही का, असं पुष्कळ जण विचारतात. सिझरला, हर्नियाला, पायाच्या ऑपरेशनला ते उत्तमच, आणि अपस्मारात ते चालतं. पण ते घेतलं म्हणजे फिटचा प्रश्न संपला असं नाही. चुकलेली गोळी तिथेही तितकीच नडते. शिवाय बधिर करणारं औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा फार जास्त झालं तर त्यानेही फिट येऊ शकते, अपस्मार नसलेल्यालाही. म्हणूनच ते मोजून, थोडं थोडं आणि सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहत देतात.

भुलीतून बाहेर येताना रुग्ण थरथरतो तेव्हा बाहेर उभ्या नातेवाइकांचा जीव वर-खाली होतो. बहुतेक वेळा ती नुसती थंडी असते: थिएटर गार असतं, आणि भुलीने शरीराला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. थंडीने कापणारा माणूस हाक मारली की ओ देतो, डोळ्याला डोळा भिडवतो, पांघरूण घातलं की शांत होतो. मोठ्या फिटमध्ये तो हाकेला ओ देत नाही, झटके तालात येतात आणि नंतर बराच वेळ तो भांबावलेला राहतो. तिसराही एक प्रकार आहे: दिसायला फिटसारखे, पण मेंदूतल्या विद्युत गडबडीशिवाय येणारे झटके, मनावरच्या ताणातून येणारे. ते सोंग नसतं, त्या माणसाचा त्रास खरा असतो. पण त्यांवर फिटची इंजेक्शनं एकामागून एक दिली तर श्वास मंदावतो आणि भलतंच संकट ओढवतं. तुमच्या माणसाला असे झटके येतात हे न्यूरोलॉजिस्टने आधी सांगितलं असेल तर ते भूलतज्ज्ञांना जरूर कळवा. आणि याच्या उलट, ऑपरेशन होऊन बराच वेळ झाला तरी रुग्ण जागाच होत नसेल, तर बाहेरून न दिसणारी फिट चालू नाही ना हे मेंदूचा आलेख काढून बघावं लागतं.

घरी आल्यावर

डिस्चार्ज कार्डवर फिटच्या गोळ्या लिहिल्या आहेत का, हे दवाखान्यातून निघण्याआधी पाहा. सर्जनच्या कार्डावर जखमेची औषधं असतात, जुन्या गोळ्या कधी कधी राहून जातात आणि घरचे समजतात की त्या बंद केल्या.

दुखण्यावर ट्रॅमाडॉल लिहिलेलं असेल तर थांबा आणि डॉक्टरांना फोन करा. हे औषध आपल्याकडे सर्रास दिलं जातं, पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीतही असतं, आणि ते फिट येण्याची शक्यता वाढवतं. अपस्मार असलेल्यांनी ते टाळावं. नुसतं पॅरासिटामॉल चालतं. किडनी आणि पोट ठीक असेल तर डायक्लोफेनॅकसारखी औषधंही डॉक्टर देतात. पेथिडिन या वेदनाशामक इंजेक्शनचं मात्र ट्रॅमाडॉलसारखंच, त्याच्यापासून शरीरात तयार होणाऱ्या एका उपपदार्थाने फिट येऊ शकते.

प्रतिजैविकांमध्ये एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. व्हॅल्प्रोएट चालू असताना मेरोपेनेमचं इंजेक्शन दिलं तर एक-दोन दिवसांत रक्तातलं व्हॅल्प्रोएट झपाट्याने उतरतं, डोस वाढवूनही भरून येत नाही. मोठ्या संसर्गात मेरोपेनेम लागतंच, पण मग फिटसाठी दुसरं औषध जोडावं लागतं. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफेपिमबद्दलही डॉक्टरांना आठवण करून द्या, विशेषतः किडनी कमजोर असेल तर.

पहिले काही दिवस झोप पुरी होऊ द्या. भेटायला येणाऱ्यांना दुपारी दोन तास अडवलं तर कुणी रागावणार नाही. ताप आला तर अंगावर काढू नका. गोळी घेतल्या घेतल्या उलटी झाली तर पुन्हा द्यायची का, ते फोन करून विचारा.

आणि फिट आलीच तर कुशीवर वळवा, गळ्याजवळचं सैल करा, ऑपरेशनची जखम दाबली जाणार नाही असं बघा, घड्याळ लावा. कांदा, चप्पल काही हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका, तोंडात पाणी ओतू नका. पाच मिनिटांच्या वर गेली, एकामागून एक आली किंवा मधे शुद्ध आली नाही तर थेट दवाखाना गाठा. १०८ ला फोन लावा. घरात दुसरं कुणी असेल तर त्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. डॉक्टरांसमोर पोहोचेपर्यंत झटके बहुधा थांबलेले असतात, आणि ती फिट होती, थंडी होती की आणखी काही, हे त्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रणावरून त्यांना पुष्कळदा ओळखता येतं.